एका 'मोल्ड'चे अनेक अर्थ आणि कृषिसल्ल्याची भाषा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात 'मोल्ड' म्हणजे साचा. वितळलेले पोलाद त्यात घट्ट होऊन आकार घेते. कारखान्याभोवतीच्या दुर्ग जिल्ह्यातील भातउत्पादकाच्या कोठारात हाच शब्द ओलसर धान्यावरील बुरशी दर्शवतो. इंग्रजीत त्याला तिसराही अर्थ आहे : पालापाचोळा कुजून झालेली भुसभुशीत माती. माती परतवणाऱ्या नांगराच्या पंखाचे इंग्रजी नाव मातीच्या याच जुन्या शब्दावरून आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर साच्यातून घडला आणि मातीत चालला. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'मोल्ड'च. मुळात हे तीन वेगवेगळे शब्द. कालौघात त्यांचे रूप तेवढे एक झाले.

ही केवळ भाषेची गंमत राहिलेली नाही. मोबाइलवरील यांत्रिक भाषांतर कृषिसल्ल्यात शिरल्यापासून बुरशीचा साचा होण्याचा धोका आहेच. परंतु साचा हास्यास्पद ठरून लगेच लक्षात येतो. खरी हानी होते ती सरसकट 'बुरशी' या भाषांतराने, कारण ते बरोबर वाटते.

मराठी शेतकऱ्याची परिभाषा याहून सूक्ष्म आहे. भुरी, केवडा, तांबेरा, काणी ही नावे लक्षण सांगतात आणि उपायाची दिशाही दाखवतात. द्राक्षावरील भुरीला गंधक लागू पडते, केवड्याला नाही. ज्वारीच्या दाणे काणीसाठी पेरणीपूर्वी बियाण्यास गंधक चोळतात. पीक पक्व होताना पावसात सापडून दाणे काळे पडतात, तेव्हा त्या बीजप्रक्रियेचा उपयोग नसतो. दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसताच कापणी करून कणसे वाळवणे हाच मार्ग उरतो. शिवाय ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशीच, पण बियाण्यास मुद्दाम लावण्याची.

मका व भुईमुगाच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा असतो. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. अशा वेळी 'बुरशीनाशक वापरा' हा साचेबंद संदेश निरर्थक ठरतो. 'धान्य नीट वाळवा, कोरड्या जागी साठवा, बुरशी आलेले दाणे माणसांना वा जनावरांना देऊ नका' हाच संदेश पोहोचला पाहिजे.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक सल्ल्यात तीन गोष्टी पाहाव्यात : रोगाचे शेतकऱ्याच्या तोंडी असलेले नाव, ओळखण्याचे लक्षण आणि करावयाची कृती. सल्ला प्रसारित होण्यापूर्वी तो एखाद्या अनुभवी शेतकऱ्याकडून वाचून घेतल्यास उत्तमच. कोणता शब्द कुठे चालतो, हे त्याला शब्दकोशाहून अधिक ठाऊक असते.