पाकीट फोडलं, पुढे?

परवा केडगावजवळ एका गॅरेजसमोर थांबलो होतो. जळक्या ऑइलनं तिथली जमीन डांबरासारखी घट्ट झालेली. कामावरच्या पोरानं 'तेल खाणाऱ्या जिवाणूं'चं पाकीट फोडलं, भर उन्हात भुकटी भुरभुरली आणि तो पुन्हा पान्याकडे वळला. महिन्यात जमीन साफ होईल, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. मला राग आला तो त्या विकणाऱ्याचा.

कारण हाच पोरगा घरच्या हरभऱ्याला असं करत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातलं रायझोबियम जिवाणूंचं संवर्धक आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अडीचशे ग्रॅमचं पाकीट, दहा किलो बियाणं. गुळाच्या पाण्यात कालवायचं, हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. एवढं करूनही रानात ओल नसेल, तर मुळांवर गाठी धरत नाहीत.

तेल खाणारे जिवाणूही असेच जपावे लागतात. आपलं संवर्धक लिग्नाइटच्या भुकटीत येतं, 'टेरी' संस्थेचं ऑइलझॅपर हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीत. पण तेलात कार्बन उदंड, नत्र-स्फुरद जवळपास नाहीच. म्हणून तेलकट गाळावर हे जिवाणू सोडले की सोबत खत द्यावं लागतं, ओल राखावी लागते आणि हवा खेळण्यासाठी माती पुन्हा पुन्हा उलथावी लागते. यात महिने जातात. डिझेल त्यातल्या त्यात लवकर संपतं. जळक्या ऑइलमधली कार्बनच्या चार-पाच कड्यांची विषारी संयुगं मात्र चिवट असतात. शिशासारखे धातू तर जिवाणूंना खाताच येत नाहीत.

१९८९ मध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डिझ' जहाजातून सांडलेलं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा तिथं खतं फवारली होती. तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर आधीपासून होतेच, उपाशी होते ते नत्र-स्फुरदासाठी. म्हणून मी शेणखतावर येतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात जिवाणूही असतात आणि त्यांचा खुराकही. महागड्या पाकिटाआधी ते वापरून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

त्या पोराला म्हटलं, आधी जळकं ऑइल डब्यात धरून रीतसर गोळा करणाऱ्याला दे. मग वरची वीतभर माती उकर, ताडपत्रीवर छपराखाली पसर, शेणखत मिसळ, ओल ठेव, आठवड्याला खालीवर कर. पावसाचं पाणी त्यातून ओढ्यात जाऊ देऊ नकोस. आणि माती तपासून घेतल्याशिवाय ती रानात टाकायची नाही.

तो म्हणाला, "म्हणजे मशागतच की, काका."