मखरातली माय

परभाषिकांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा समाज आपली भाषा, सणवार आणि रीतभात जिवापाड जपतो, आणि ते जपण्याचे काम घरातल्या स्त्रीवर सोपवून मोकळा होतो. तिला मान मिळतो, परंतु तो मखरातल्या मूर्तीचा. तेथून उतरण्याची मुभा तिला नसते. अमेरिकेतील चिकाना चित्रकर्तींच्या कलाकृतींचा परिचय करून घेताना ही गोष्ट आम्हांस नव्याने जाणवली.

अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया स्वतःस अभिमानाने चिकाना म्हणवितात. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेत गेला, आणि कित्येक कुटुंबे आपल्या अंगणातून न हलताही परक्या राज्याची झाली. सीमाभागातील आमच्या वाचकांस याचा अर्थ समजावून सांगावयास नको. १९६० नंतर या समाजाने हक्कांची चळवळ उभारली व भिंतीभिंतींवर चित्रे उमटली. त्यांत स्त्री दिसे ती बहुधा सोशिक माता वा वीराची सहचरी म्हणून. परांचीवर चढून भिंत रंगविणे तिचे काम नव्हे, अशीच समजूत होती. १९७४ साली सान फ्रान्सिस्कोतील ‘मुहेरेस मुरालिस्तास’ या स्त्रियांच्या गटाने ‘लातिनोअमेरिका’ हे भव्य भित्तिचित्र पुरे करून त्या समजुतीस उत्तर दिले.

आमच्या मनात घर करून राहिली ती योलांदा लोपेझ (१९४२–२०२१) यांची १९७८ मधील तीन चित्रे. ग्वादालूपेची माता ही मेक्सिकन घराघरांतील आराध्य. तिची प्रतिमा ठरलेली : नजर खाली, हात जोडलेले, अंगावर ताऱ्यांचा शेला, भोवती किरणांचे वलय, पायांशी चंद्रकोर व देवदूत. लोपेझ यांनी त्या वलयात आपल्या घरची माणसे आणली. एका चित्रात आजी त्या शेल्यावर निवांत बसली आहे. दुसऱ्यात आई शिवणयंत्रावर तोच शेला शिवीत आहे. प्रत्यक्षातही त्या शिवणकाम करीत. तिसऱ्यात चित्रकर्ती स्वतः, पायांत धावण्याचे बूट घालून, शेला हाती धरून, देवदूतास ओलांडून पुढे धावत निघाली आहे.

यात श्रद्धेची विटंबना आम्हांस दिसली नाही. तेज तेच राहिले; ते शिवणाऱ्या हातांस, थकल्या आजीस आणि धावत्या पायांस लाभले, इतकेच. अमालिया मेसा-बेन्स यांनी तर घरात देव्हारा सजविण्याची बायकांची जुनी रीतच कलादालनात नेली. १९८४ साली अभिनेत्री दोलोरेस देल रिओ यांच्या स्मरणार्थ त्यांनी मांडलेली आरास कलाकृती म्हणून मान्यता पावली.

आपल्याकडेही गौरींची आरास घरोघरी बायकाच मांडतात. आपण तिला ‘हौस’ म्हणतो आणि मांडणारीचे नाव विचारीत नाही. येत्या भाद्रपदात मखरातल्या गौरींस नमस्कार करून वळताना, दोन रात्री जागून ती आरास मांडणाऱ्या सासूस वा सुनेस ‘आता तुम्ही जरा बसा’ असे म्हणणारे कोणी आपल्या घरी असेल काय?