चार्जरमधली चार पायांची चिप शॉकपासून कशी वाचवते?

अंबरनाथ-बदलापूरकर स्वस्त चार्जर घ्यायला सर्रास उल्हासनगरच्या बाजारात जातात. भाव विचारतात, आत काय आहे, ते कोण बघतं?

सॉकेटमधले 230 व्होल्ट चार्जरच्या आत डीसी होताना 325 च्या आसपास जातात. फोनला साधारण 5 पुरतात. ही वीज ट्रान्सफॉर्मर ओलांडून येते आणि ती नीट येतेय का, हा निरोप उलट दिशेने न्यायला अनेक चार्जरमध्ये ऑप्टोकपलर असतो. एका बाजूला बारीक एलईडी, समोर ट्रान्झिस्टर. मधे तार नाही, फक्त उजेड.

'पीसी817' या चिपच्या माहितीपत्रकात 5,000 व्होल्ट लिहिलेलं असतं. पण ती एका मिनिटाची चाचणी आहे, रोज तेवढं सोसण्याची हमी नव्हे. शिवाय खरी गोम चिपखालच्या बोर्डात असते. दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेषांमध्ये काही मिलिमीटर अंतर लागतं. चांगल्या बोर्डात तिथे फटही पाडतात. हे अंतर कमी ठेवलं, की पावसाळी दमट हवेत साचलेल्या धुळीवरून वीज चिपला वळसा घालून केबलमध्ये येऊ शकते. तोवर फोन मजेत चार्ज होत असतो!

चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर-' पुढचे आठ अंक शोधा. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये ते टाकल्यावर ब्रँड जुळला नाही, तर तो चार्जर घेऊ नका.