मुलांचीं व्यसनें आणि वडिलांचें धर्मशास्त्र

एखाद्या शाळकरी मुलाच्या दप्तरांत गुटख्याची पुडी किंवा ई-सिगारेट सांपडली, कीं आमच्या सुशिक्षित समाजांत दोन ठराविक उद्गार ऐकूं येतात. "धर्मशिक्षण बुडालें, म्हणून मुलें बिघडलीं," असें एक पक्ष म्हणतो. "धर्मच याचें मूळ; महाशिवरात्रीची भांग विसरलांत काय?" असें दुसरा विचारतो. दोन्ही पक्ष कडाडून भांडतात. आणि भांडण संपलें म्हणजे दोन्ही पक्षांचे पुढारी पान खावयास एकाच टपरीवर जातात! आमच्या मतें दोघेहि अर्धेंच सत्य सांगतात, आणि तेंहि स्वतःचें घर वगळून सांगतात.

प्रश्न लहान नाहीं. २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ मुलें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखूचें सेवन करीत असल्याचें आढळलें. म्हणजे ६० मुलांच्या वर्गांत पांच.

धर्माच्या आज्ञेंत सामर्थ्य आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहूं. शीख रहितेनें तंबाखूचें सेवन हें मोठ्या पातकांत गणिलें आहे. २०१६-१७ सालच्या पाहणींत १५ वर्षें व त्यांवरील लोकांत तंबाखूचें प्रमाण सर्व भारतांत शेंकडा २८.६, महाराष्ट्रांत २६.६, आणि पंजाबांत अवघें १३.४ निघालें. धर्माची आज्ञा पोकळ असते असें म्हणणाऱ्यांनीं या आंकड्यांचा विचार करावा. परंतु त्याच रहितेनें मद्यादि मादक पदार्थहि वर्ज्य केले आहेत. तरी पंजाबांतील लग्नसमारंभांत मद्य उघड वाहतें, आणि त्याच्या गौरवाचीं गाणीं लहान मुलेंहि म्हणतात. एकाच धर्माची एक आज्ञा पाळली जाते व दुसरी मोडली जाते, हें कां? पहिलीच्या मागें आजी, चुलता, शेजारी अशी सारी बिरादरी उभी आहे. दुसरीच्या मागें उपदेशाखेरीज फारसें कोणी उभें नाहीं. केवळ धर्मशिक्षणाचा तास वाढवून मुलें सुधारतील असें मानणाऱ्यांस याचें उत्तर देतां येईल काय?

आतां आपल्या घरीं येऊं. वारकऱ्याच्या गळ्यांत तुळशीची माळ पडली, कीं मद्य सुटलें, मांस सुटलें. जो तरुण कोणाच्याहि धाकास जुमानीत नव्हता, तो माळेस जुमानतो. कारण ती माळ सारा गांव पाहत असतो. असें असूनहि त्याच दिंडींत विसाव्याच्या जागीं तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी बाहेर निघते. एक माळकरी मळतो, दुसरा तळहात पुढें करतो, आणि टाळ मांडीवर ठेवून शेजारीं बसलेला चौदा वर्षांचा मुलगा तें पाहतो. संतांनीं याची मुभा दिली होती काय? ज्ञानेश्वरी १२९० सालची. तंबाखू या देशांत पोर्तुगीजांबरोबर आली ती त्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं. जी वस्तु ज्ञानोबांनीं पाहिलीच नाहीं, तिचा निषेध त्यांनीं कोठून करावा? त्यांच्या मौनास संमति समजणें हा आमचा आळस आहे. कित्येक कीर्तनकार आज तंबाखूविरुद्ध कळकळीनें बोलतात, हें आम्ही जाणतों. पण बोलणें निराळें आणि माळेच्या नियमांत तिला स्थान देणें निराळें.

भांगेची गोष्ट याहून वाईट. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें गांजाच्या व्याख्येंतून नुसतीं पानें वगळलीं, म्हणून भांग त्या कायद्याच्या कचाट्यांतून सुटली. तो वाद कायदेपंडितांनीं करावा. आमचा आक्षेप 'प्रसाद' या शब्दावर आहे. मित्रानें पुढें केलेली सिगारेट मुलगा नाकारूं शकतो. वडीलधाऱ्यानें देवाचें नांव घेऊन पुढें केलेला पेला त्यानें कसा नाकारावा? ज्या धर्मानें त्याच्या नकारास बळ द्यावयाचें, त्याच्याच नांवानें आपण तो नकार मोडून काढतों.

यावर आमचे सुशिक्षित वाचक म्हणतील, "दिंडी आणि ठंडाई यांशीं आमचा संबंध काय? आमचें घर निर्व्यसनी आहे." तसें असेल तर आनंदच आहे. पण जेवणानंतर सुगंधी सुपारीची डबी फिरते, तेव्हां चिमुकला हात पुढें आल्यास आपण हंसून दोन खांडें ठेवतोंच ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं नुसती सुपारीहि, तंबाखूवांचून, कर्करोगास कारण होते असें ठरविलें आहे. सुपारीच्या संवयीनें गालांच्या आंतील मऊ त्वचेखालीं ताठर तंतू वाढत जातात आणि पुढें घासापुरतेंहि तोंड उघडेनासें होतें. काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मशेरी मोलकरीण दांतांस लावते, तेव्हां आपण नाक मुरडतों. ती बिचारी दांत स्वच्छ होतात अशा समजुतीनें लावते; आपल्याजवळ तेवढीहि सबब नाहीं.

"आमचें मद्यपान मोजकें व सभ्य असतें," असाहि एक युक्तिवाद आहे. मूल माप मोजीत नाहीं. बढती झाली, पाहुणे आले, नवें वर्ष लागलें, कीं पेले निघतात, एवढेंच तें पाहतें. आणि आनंद करावयाचा तर त्यास पेला लागतो, हा धडा तें कोणत्याहि नीतिपाठापेक्षां लवकर शिकतें.

कायदे कमी पडले असेंहि म्हणतां येत नाहीं. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास व शाळेच्या १०० यार्डांच्या आंत ती विकण्यास २००३ च्या कायद्यानें बंदी केली. गुटखा महाराष्ट्रानें २०१२ सालीं बंद केला. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें वैद्याच्या आज्ञेवांचून बालकास मद्य किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्या कायद्यांत "वडील वगळून" असे शब्द आम्हांस कोठें आढळले नाहींत! जो पिता बारा वर्षांच्या मुलास "जा रे, कोपऱ्यावरून एक पाकीट घेऊन ये" म्हणून पिटाळतो, तो टपरीवाल्यास गुन्हा करावयास लावतो आणि मुलास टपरीची वाट दाखवितो. पुढें तीच वाट मुलगा स्वतःसाठीं चालला, तर दोष सिनेमाचा, संगतीचा आणि कलियुगाचा!

आमचें मागणें थोडें आहे. फडकऱ्यांनीं व कीर्तनकारांनीं माळ घालतांना मद्यमांसाबरोबर तंबाखूचेंहि नांव घ्यावें. देवळांच्या पंचांनीं मादक पदार्थास प्रसाद म्हणणें बंद करावें. आणि धर्माभिमानी असोत वा सुधारक असोत, घरांतील कर्त्या माणसांनीं मुलास उपदेश करण्यापूर्वीं खिसा, कपाट आणि सुपारीची डबी एकदां रिकामी करावी. हें जड वाटत असेल, तर मुलांस मनोनिग्रह किती सोपा आहे हें सांगण्याचें तरी त्यांनीं सोडून द्यावें.