फाटलेला पुठ्ठा हाही दस्तऐवज असतो

#थ्रेड

१/
जुन्या खेळण्यांच्या बाजारात एक विचित्र दृश्य दिसते. बाहुली तीच, साचा तोच, रंगही तोच. तरीही एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट. फरक असतो तो मागच्या पुठ्ठ्यात. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ छांदिष्टपणा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्याला हसू नये. हसण्याजोगे काही असेलच, तर ते दुसरीकडे आहे.

२/
उदाहरण म्हणून ‘स्टार वॉर्स’ची खेळणी घेऊ. मूळ चित्रपट अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. खेळण्यांचे हक्क सिनसिनाटीच्या ‘केनर’ कंपनीकडे होते. चित्रपट इतका चालेल याची कल्पना कोणालाच नव्हती आणि नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणे अशक्य होते.

३/
केनरने मग पुठ्ठ्याचे एक चित्रमय पाकीट विकले. त्यात बाहुली नव्हती, प्रमाणपत्र होते! ते टपालाने पाठवले की ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार बाहुल्या १९७८ मध्ये घरपोच येणार होत्या. म्हणजे या खेळण्यांचा इतिहास सुरू होतो तोच मुळी रिकाम्या वेष्टनापासून.

४/
१९७८ मध्ये दुकानांत पहिल्या १२ बाहुल्या आल्या. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर बाराही जणांची चित्रे होती. म्हणून संग्राहक त्या कार्डांना ‘ट्वेल्व्ह-बॅक’ म्हणतात. पुढे आठ बाहुल्यांची भर पडली, तेव्हा ‘ट्वेंटी-बॅक’ आले. बोबा फेट आल्यावर संख्या २१ झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा ९२ वर गेला होता.

५/
याचा अर्थ असा, की कार्डाची पाठ हे एक कालमापक आहे. बाहुली हातात घेऊन ती नेमकी केव्हाची, हे ठरवणे कठीण. कार्डावरून मात्र तिचा क्रम लावता येतो. शिवराईवरील अक्षरांच्या वळणांवरून आणि लेखनभेदांवरून नाणेअभ्यासक प्रकार पाडतात, त्याच जातीचे हे काम आहे.

६/
कार्डे निर्णयांची साक्षही देतात. पाठीमागे क्षेपणास्त्र उडवणाऱ्या बोबा फेटची जाहिरात काही कार्डांवर छापली गेली होती. चार खरेदी-चिठ्ठ्या कापून पाठवल्या की ही बाहुली मोफत मिळणार होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातले छोटे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला.

७/
केनरने बेत बदलला. मुलांना घरपोच मिळालेल्या बोबा फेटचे क्षेपणास्त्र पाठीला पक्के चिकटवलेले होते. छापून झालेल्या कार्डांवरील जाहिरात स्टिकर लावून झाकण्यात आली. कागदाचा तो तुकडा म्हणजे खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या इतिहासातील एक पान आहे. ते पान बाहुलीवर नाही, कार्डावर आहे.

८/
नावेही बदलली. ‘डेथ स्क्वॉड कमांडर’ पुढच्या कार्डांवर ‘स्टार डिस्ट्रॉयर कमांडर’ झाला. बाहुली मात्र तीच राहिली. देश बदलला की भाषा बदलली. कॅनडातील कार्डांवर इंग्रजी आणि फ्रेंच शेजारी-शेजारी आली. युरोपात तीन भाषांतील बोधचिन्हे एकाच कार्डावर छापली गेली; त्यांना ‘ट्राय-लोगो’ म्हणतात. भाषाधोरण आणि बाजारपेठ या दोहोंचा ठसा एका पुठ्ठ्यावर उमटला.

९/
इथपर्यंत संग्राहकांचे ऋण मान्यच केले पाहिजे. विद्यापीठांनी ज्या पुठ्ठ्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, त्याचे वर्गीकरण हौशी माणसांनी केले. आक्षेप आहे तो त्यांच्या मूल्यमापनावर. न उघडलेले, न दुमडलेले, कोपरे शाबूत असलेले कार्ड सर्वश्रेष्ठ. मग त्याला गुण द्यायचे आणि पारदर्शक पेटीत कायमचे बंद करायचे.

१०/
पण न उघडलेले कार्ड कोणाचा इतिहास सांगते? कारखान्याचा, छापखान्याचा, दुकानाचा. मुलाचा नाही. ज्या कार्डाची खरेदी-चिठ्ठी कापलेली आहे, ते बाजारात सदोष ठरते. वस्तुतः ती कात्रीची खूण म्हणजे एका मुलाने चार बाहुल्या जमवून, पाकिटावर पत्ता लिहून, आठवडेच्या आठवडे वाट पाहिल्याचा पुरावा असू शकतो. बाजार ज्याला दोष म्हणतो, त्याला इतिहासाने साधन म्हटले पाहिजे.

११/
या लोभाचा आणखी एक परिणाम होतो. जावाची सुरुवातीची बाहुली विनाइलच्या झग्यात होती. पुढे कापडी झगा आला. विनाइल दुर्मीळ ठरताच दुसऱ्या बाहुल्यांचे झगे कापून नकली जावा बनू लागले. जुन्या कार्डांवर नवे प्लॅस्टिक चिकटवून ‘न उघडलेले’ नगही तयार होतात. म्हणजे अस्पर्श वस्तूच्या हव्यासापायी पुरावाच भ्रष्ट होतो.

१२/
हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून ‘फनस्कूल’ सुरू झाली; तिचा कारखाना गोव्यात आहे. हॅस्ब्रोच्या साच्यांतून ‘जी. आय. जो’च्या बाहुल्या भारतात तयार झाल्या. त्यांतील वेगळ्या रंगसंगतींमुळे परदेशी संग्राहक आजही त्यांचा शोध घेतात.

१३/
आपल्याकडच्या वेष्टनांना तर कायद्यानेच बोलते केले आहे. वेष्टित वस्तूंसंबंधीच्या १९७७ च्या नियमांनी उत्पादकाचे नाव, विक्रीची किंमत आणि महिना-वर्ष छापणे आवश्यक केले. एका मध्यमवर्गीय घराला ते खेळणे किती रुपयांना आणि केव्हा परवडले, हे बाहुली सांगणार नाही, खोका सांगेल. आणि आपण नेमका खोकाच रद्दीत घातला.

१४/
म्हणून आग्रह एवढाच: माळ्यावर एखादा चेपलेला खोका किंवा अर्धवट फाटलेले कार्ड सापडले, तर किंमत विचारण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. ते कोणी, कुठून, कोणासाठी घेतले होते, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवावे. पेनाने गिरवलेले नाव पुसू नये. निघालेला कोपरा चिकटवू नये.

१५/
बाजाराला वस्तू जणू काल कारखान्यातून निघाल्यासारखी हवी असते. इतिहासाला तिने मधली चाळीस वर्षे कशी काढली, हेही हवे असते. ज्या पुठ्ठ्यावर ती वर्षे उमटली आहेत, तो फाटका असला तरी टाकाऊ नाही.