तर्काचा प्रश्न आणि महाडचे तळे

मनीषनगरातील आपली मुले-मुली कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी तर्काचे प्रश्न सोडवितात, तेव्हा ते परके कोडे समजून आपण दूर राहता. वस्तुतः उतारा वाचून, लेखकाने न सांगता काय गृहीत धरले ते शोधावयाचे, एवढेच ते कोडे आहे.

चवदार तळ्याच्या दाव्यात वादींचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांस पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादि आहे, सबब ती पाळलीच पाहिजे. सारा दावा ‘अनादि’ या एका शब्दावर उभा होता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते सिद्ध झाले नाही असे ठरविले, आणि दावा कोसळला. धम्म स्वीकारताना आपणही हेच विचारले होते: रूढी जुनी, म्हणून योग्य कशी?

खरी अडचण इंग्रजीची आहे. ‘क्लॅट’मध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न, उतारे इंग्रजीत, चुकीस पाव गुण वजा. (राज्याच्या सीईटीत मराठीची सोय आहे, हे पुष्कळांस ठाऊकच नसते.) म्हणून रोज संध्याकाळी मुलीकडून एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचून घ्यावा, मराठीत सांगावयास लावावे आणि ‘हे कशावरून?’ असे विचारावे. हा प्रश्न निरक्षर आजीसही विचारता येतो.