गाळ निघाला, पण डोंगराचं काय?

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडालं, तेव्हा मदतीला माणसं कमी पडली नाहीत. मुस्लिम संघटनांची तरुण मुलं चिखल उपसायला उतरली. घर कुणाचं, दुकान कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. पुढे डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, तेव्हा कुठे सरकार हललं आणि वाशिष्ठी-शिव नद्यांतला गाळ काढायचं काम सुरू झालं. नाम फाउंडेशनची यंत्रंही त्यात उतरली. हे सगळं चांगलंच झालं. पण नदीत गाळ येतो कुठून, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत अजून नीट विचारला जात नाही.

गाळ येतो डोंगरावरून. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल जवळजवळ नाहीच. जे रान आहे ते बहुतेक खाजगी मालकीचं, म्हणजे आपलंच. यात आपले मुस्लिम खातेदारही आले. सातबाऱ्यावर आठ-दहा भावंडांची नावं, त्यातले निम्मे मुंबईत, काही कुवेत-दुबईत. एक दिवस ठेकेदार येतो आणि उभ्या झाडांचा सौदा करतो. किटा जळाऊ लाकडाला किंवा कोळशाला जातो, खैर काताला. १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, परवानगीही लागते. पण कागद पूर्ण झाले की डोंगर बोडका व्हायला वेळ लागत नाही. वाट्याला आलेली रक्कम ऐकली तर हसू येतं.

झाड असलेल्या उतारावर पाऊस आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यावर, मग मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो. बोडक्या उतारावर तो माती घेऊन थेट वहाळात येतो. सगळ्या वहाळांचं पाणी एकाच वेळी वाशिष्ठीत उतरलं आणि त्यात दाभोळच्या खाडीला भरती असली, की पेठमापसारख्या नदीकाठच्या वस्तीला पळायलाही वेळ मिळत नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या काल्डर खोऱ्यात अशीच गत होती. २६ डिसेंबर २०१५ ला तिथली हेब्डन ब्रिजसारखी गावं बुडाली. त्यानंतर गावकऱ्यांनी ‘स्लो द फ्लो’ नावाची संस्था काढली. सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक हार्डकॅसल क्रॅग्ज या जंगलात जातात आणि ओढ्यांत आडवी लाकडं रचतात. खाली फट ठेवलेली असते, त्यामुळे रोजचं पाणी वाहत राहतं. पूर आला की लाकडं पाणी अडवून सावकाश सोडतात. असे शेकडो बांध त्यांनी घातले. लाकडामागे पाणथळ जागा होते, कुजक्या लाकडात किडे येतात, किड्यांमागे पक्षी.

हे जसंच्या तसं कोकणात चालेल असं आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, ओंडके वाहून खालच्या साकवाला अडकले तर नवीन संकट. आपले वनराई बंधारे पावसाळ्यानंतरचे, पुराशी त्यांचा संबंध नाही. आणि २०२१ सारखा पाऊस एकट्या जंगलाने रोखला नसता. कोळकेवाडी धरणातून पाणी कधी सोडायचं, पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली, याचा जाब सरकारलाच विचारावा लागेल. लोक झाडं सांभाळतात म्हणून प्रशासनाला सूट मिळू नये.

तरी काल्डरवाल्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी पुरानंतरचा उत्साह वरच्या डोंगरावर नेला. आपला उत्साह खालच्या चिखलातच संपतो.

आता प्रश्न पैशाचा. रान राखा म्हणणं सोपं, पण भावंडांना रक्कम हवी असते. संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने याला एक वाट काढली आहे. बेहड्याची फळं औषधी कंपन्यांना चांगल्या भावाने जातात, तेव्हा मालकाला झाड तोडण्यापेक्षा राखणं परवडतं. त्याच जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, म्हणून ही झाडं जास्त मोलाची.

गावच्या जमातीची बैठक होतेच, तिथे हा विषय निघू शकतो. कुणाच्या डोंगराचा सौदा चालू आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मुंबई-दुबईच्या खातेदारांना एक फोन सही होण्याआधी गेला, तर पुष्कळ काही वाचेल. नवीन रोपं लावण्याची घाई नको, ऑस्ट्रेलियन बाभळीची तर अजिबात नको. कोकणात तोडलेलं रान खोडापासून पुन्हा फुटतं, फक्त त्याला वणव्यापासून वाचवावं लागतं. पूर जुलैत येतो, पण हे काम जानेवारी-फेब्रुवारीतलं आहे: जाळरेषा काढायची आणि मे अखेरपर्यंत पाळीने राखण करायची. त्याला दहा-बारा पोरं आणि कोयते पुरतात.